नेरूरकर सर आणि अंधाराचे प्रकार

नेरूरकर सरांसमोर 'अंधार आहे' एवढंच म्हणून सुटायची आमच्या सोसायटीत कोणाची टाप नाही. ते लगेच विचारतात, "कोणता?"

मी सोसायटीचा सेक्रेटरी. म्हणजे मुलुंड पूर्वेच्या दोन विंगांच्या, चार मजल्यांच्या, बिनलिफ्टच्या बिल्डिंगचा बिनपगारी हमाल. टाकी वाहिली, बोलवा पाटकरांना. कबुतरांनी घाण केली, बोलवा पाटकरांना. सेक्रेटरी होऊन वर्ष झालं असेल, बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावरचा बल्ब गेला. नवा बल्ब घेऊन जिना चढतोय, तर वर सर उभे. राहतात ए विंगला, पहिल्या मजल्यावर. इथे त्यांचं काय काम, हे मला कळेना.

"काय करताय?" त्यांनी विचारलं.

"बल्ब बदलतोय सर. जिन्यात अंधार झालाय."

"कोणता?"

"नऊ वॅटचा आहे. एलईडी."

"बल्ब नव्हे हो. अंधार कोणता?"

"अंधार म्हणजे... अंधार."

"भोंगळ बोलू नये. हात पुढे करा. बोटं दिसतात?"

"दिसतात."

"नखं?"

"नखं नाही दिसत."

"मग हा डिम. याला डार्क म्हणत नाहीत. आणि गुरुवारपर्यंत याला हात लावायचा नाही. माझा तास आहे इथे."

गुरुवारी संध्याकाळी खरंच तास झाला. सर जिन्यात मोबाइल उंच धरून उभे, त्यात पाच-सहा चिनी चेहरे दाटीवाटीने बसलेले, आणि खाली शहाबेन भाजीची पिशवी घेऊन खोळंबलेल्या. सरांनी त्यांनाही धड्यात ओढलं. "शी कॅन सी द स्टेप्स. शी कॅनॉट सी द टोमॅटोज. धिस इज डिम." मोबाइलमधून सगळे एका सुरात "डिम" म्हणाले. शहाबेन मला म्हणाल्या, "पाटकरभाई, बल्ब लगाव ने, मेरा टोमॅटो सब दुनिया देख रही है."

आता हे चिनी लोक कुठून आले ते सांगतो. सरांनी भांडुपच्या एका शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलं. निवृत्त झाल्यावर काही वर्षं त्यांनी सोसायटीच्या नोटिसा तपासल्या. तांबड्या पेनाने, नोटीस बोर्डाची काच सरकवून. मग त्यांचा एक जुना विद्यार्थी, जो कंपनीच्या कामाने तैवानला गेला आणि तिथलाच झाला, त्याने फोन केला. ऑफिसातल्या काही लोकांना इंग्रजी बोलायला शिकायचंय, सर शिकवाल का? सर काय, टपूनच बसले होते. आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा म्हणजे तिकडे रात्रीचे नऊ. जेवूनखाऊन ती मंडळी लॅपटॉपसमोर बसतात, आणि इकडे सर इस्त्रीचा शर्ट घालून. खाली लेंगा असतो, पण तो त्यांना दिसत नाही.

त्या वर्गात मिस्टर लिन म्हणून एक वयस्कर गृहस्थ आहेत, ऑफिसातल्या कोणाचे तरी वडील. पहिल्या दिवशी तास संपताना त्यांनी खिडकीकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "टीचर, द स्काय इज ब्लॅक. गुड नाइट."

सरांना त्या दिवशी लॉटरी लागल्यासारखं झालं. जिन्यात मला अडवून अर्धा तास सांगत होते. "अहो सेक्रेटरी, त्यांच्याकडे दिवस मावळला की आभाळ काळं झालं म्हणतात. काळ्या रंगालाही तोच शब्द आणि काळोखालाही तोच. आणि आपला काळोख तरी कुठून आला? काळ्यापासूनच ना? म्हणजे आपण आणि चिनी एका पंगतीतले. इंग्रजाने मात्र दोन पानं मांडली. मांजर ब्लॅक. पण मांजर आत ठेवून खोलीतला दिवा घालवा, की खोली डार्क. मांजर तेच."

"मग मांजर डार्क होत नाही?"

"तुम्ही उद्यापासून वर्गाला बसा," सर म्हणाले. मी पुन्हा तो प्रश्न विचारला नाही.

तेव्हापासून वर्गाचं गाडं जे अंधारात अडकलं ते अडकलंच. पुस्तकात हॉटेलचा धडा होता, विमानतळाचा होता, डॉक्टरांकडे गेल्यावर काय बोलावं हा होता. मिस चेन नावाची एक मुलगी त्यातला विमानतळाचा धडा न होताच सिंगापूरला जाऊन आली. पण गढूळ पाण्याला मर्की म्हणतात हे त्या सगळ्यांना पाठ आहे, कारण आमच्या टाकीची सफाई चालू असताना सरांनी तो गाळ त्यांना जवळून दाखवला होता. 'आफ्टर डार्क' म्हणजे दिवस मावळल्यावर, आणि 'इन द डार्क' म्हणजे ज्याला काहीच सांगितलेलं नाही तो. याचं उदाहरण म्हणून त्यांनी कॅमेऱ्यात मला दाखवलं. "अवर सेक्रेटरी. ऑल्वेज इन द डार्क." मी हसून हात हलवला. अर्थ मला नंतर कळला.

सुमनवहिनींचं इथेच सांगून टाकतो, कारण त्यांच्याशिवाय हा माणूस कळायचा नाही. वहिनी सरांच्या पत्नी. त्यांना काचबिंदू आहे. हा आजार कडेकडेने नजर खात येतो, आणि खाल्लेलं परत देत नाही. थेंब घालायचे, गरज पडली तर ऑपरेशन करायचं आणि उरलेलं सांभाळायचं. त्यांचा उजवा डोळा गेल्यातच जमा. सगळा संसार डाव्यावर चाललाय. त्या डाव्या डोळ्यासाठी सरांचा जीव टांगणीला लागलेला असतो, आणि तो त्यांना लपवताही येत नाही. वर्ग ऐन रंगात आलेला असू दे, मोबाइलचा गजर वाजला की सर उठणार. "एक्स्क्यूज मी. ड्रॉप्स." चिनी मंडळी गप्प बसून वाट बघतात. परत आले की मिस्टर लिन विचारतात, "मॅडम ओके?" मग पुढचा शब्द.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे एकदा मी गाडी घेऊन बरोबर गेलो होतो. डॉक्टर तरुण, बिचारे सभ्य. म्हणाले, "आजोबा, हळूहळू थोडं अंधुक होत जाईल."

"कोणतं अंधुक?" सर म्हणाले. "धुक्यातलं, की संध्याकाळचं? कडेने, की मधूनही?"

मला वाटलं, आता वाट लागली, बाहेर वीस पेशंट बसलेत. पण डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि कागदावर वर्तुळ काढून सगळं समजावलं. कडेने आधी, मध्य शेवटी. वहिनी शेजारी पदराच्या टोकाशी चाळा करत बसल्या होत्या. परतताना गाडीत म्हणाल्या, "डॉक्टर हुशार आहे हो. पण ह्यांनी त्याची परीक्षाच घेतली."

वहिनी मालवणकडच्या. त्या लहान असताना त्यांच्या गावात वीज नव्हती, त्यामुळे काळोख त्यांना माणसांसारखा नावानिशी ओळखीचा. सरांचं सगळं इंग्रजी शेवटी येऊन टेकतं ते वहिनींवर. डिम म्हणजे काय हे सर चार वाक्यांत सांगतात, वहिनी आतून ओरडतात, "कंदिलाची काच पुसली नाही की पडतो तो उजेड!" की झालं. सर तेच इंग्रजीत सांगतात आणि वर्ग माना डोलावतो.

एकदा तर त्यांनी मराठीची अब्रू राखली. रविवारी सकाळचा जादा तास होता, सर वर्गाला घेऊन कंपाउंडमध्ये बदामाच्या झाडाखाली उभे होते. झाडाखाली गारवा मिळतो ती शेड, आणि उन्हात आपल्याबरोबर चालते ती शॅडो. ते दाखवायला सर एकदा झाडाखाली शिरत, एकदा उन्हात येऊन हातवारे करत. वॉचमन दुबे मला विचारत होता, साहेबांसाठी कोणाला बोलवू का. तेवढ्यात मिस्टर लिन म्हणाले, आमच्याकडे याला दोन शब्द आहेत, टीचर, तुमच्या भाषेत किती? सर थांबले. सावली. झाडाचीही सावली आणि माणसाचीही सावली. चेहरा असा पडला की बघवेना. आपली मातृभाषा भोंगळ निघाली म्हटल्यावर त्यांना उन्हातच बसायची पाळी आली. वर गॅलरीतून वहिनींचा आवाज आला, "अहो, पडछाया म्हणा की!" सर मोबाइल घेऊन टुणकन उठले. "मिस्टर लिन! टू! वी हॅव टू!"

आणि पंपरूमचा किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्या दिवशी धडा पिच डार्क, म्हणजे मिट्ट काळोख. तो मुंबईत आणायचा कुठून? इथे रात्री बारालाही पेपर वाचता येतो. सर पंपरूममध्ये शिरले आणि दार आतून ओढून घेतलं. दुबेने बाहेरून बघितलं, दार लोटलेलं आहे, कुलूप लटकतंय. त्याने इमानेइतबारे कुलूप लावलं आणि चहाला गेला. आत नेटवर्क गेलं. तैवानला पाच-सहा माणसं काळ्या स्क्रीनकडे बघत "पिच डार्क, पिच डार्क" म्हणत बसली. मग त्यांना काहीतरी बिनसल्याची शंका आली आणि मिस चेनने घरच्या नंबरवर फोन लावला.

मला वहिनींचा फोन आला. "भावजी, आमचे हे कुठल्यातरी काळोखात अडकलेत. कुठल्या ते कळत नाही. त्या पोरीला माझं बोलणं समजेना, मला तिचं."

दुबेला शोधून कुलूप काढलं. सर बाहेर आले ते कोळिष्टकांसकट. म्हणाले, "उत्तम होता. हात डोळ्याला लागला तरी दिसत नव्हता." मी बोललो त्यांना, चांगलाच बोललो. वय काय, करता काय, आत मोटरचा शॉक बसला असता तर? सर खाली बघत म्हणाले, "सेक्रेटरी, आत पहिली दोन मिनिटं मजा वाटली. मग फार भीती वाटली हो." एवढंच. त्या दिवसापासून पिच डार्क त्यांनी पुन्हा शिकवला नाही.

मला तेव्हा त्यांचा वर्ग जरा वेगळा दिसायला लागला. रोज साडेसहाच्या आधी सर वहिनींना खिडकीपाशी बसवतात आणि विचारतात, "सुमन, आज कसं?" वहिनी बाहेर बघून सांगतात. कधी "झाडाची पानं वेगळी दिसतायत." कधी सरांशी गावच्या बोलीत, "मळब असल्यासारखा दिसता आज." आणि त्या दिवशीचा शब्द तिथून ठरतो. मळभ म्हटलं की वर्गात ग्लूमी. आभाळ ग्लूमी, चेहरा ग्लूमी, ज्या घरात कोणी हसत नाही ते घर ग्लूमी. वर्गालाही हे कळलेलं होतं. मिस्टर लिन हल्ली 'हाऊ आर यू' विचारतच नाहीत. "टीचर, मॅडम टुडे? डिम ऑर ग्लूमी?" असं थेट विचारतात.

पण म्हणून सर सोसायटीला सोडतात असं नाही. जनरल बॉडीच्या मीटिंगमध्ये ठराव आला, जिन्यात सगळीकडे सेन्सरचे दिवे लावायचे. माणूस आला की पेटणार, गेला की विझणार. सगळे खूश. सर उभे राहिले. मला वाटलं, आता डिमच्या नावाने गळा काढणार. ते म्हणाले, "ए विंगच्या पहिल्या मजल्याला सेन्सर नको. तिथे दिवा सतत पेटता हवा. आणि मोठा."

बी विंगवाले खवळले. आमचा बल्ब तुम्ही आठवडाभर बदलू देत नाही आणि स्वतःच्या दारात दिवाळी? गलका झाला. सर एकटेच उभे, हट्टी पोरासारखे. "सेन्सर पेटायला एक क्षण लागतो," ते म्हणाले. "त्या एका क्षणात माणूस पायरी चुकतो." शहाबेनच म्हणाल्या, "लगा दो ने पाटकरभाई, बडावाला."

लावला. पुढच्या रविवारी बघतो तर ए विंगच्या खालच्या पायऱ्यांच्या कडा पिवळ्या रंगवलेल्या. परवानगी नाही, अर्ज नाही. सर ब्रश घेऊन शेवटच्या पायरीवर बसलेले आणि लेंग्यालाही रंग लागलेला. "दंड करायचा तर करा," म्हणाले. कशाचा करू? रंग सरळ तरी लावायचा, एवढं म्हणून मी वर गेलो.

घरातही तेच चाललं होतं. हॉलमध्ये आधी एक ट्यूब होती. मग दोन झाल्या. मग तीन. बाहेरून बघावं तर दागिन्यांचं दुकान. आणि एका संध्याकाळी सर माझ्याकडे सोसायटीची शिडी मागायला आले. चौथी बसवायची होती. बहात्तर वर्षांचा माणूस शिडीवर चढणार म्हटल्यावर मी काय करणार? मीच शिडी घेऊन गेलो आणि मीच चढलो.

टेबलावर लॅपटॉप उघडा होता, वर्ग सुरू व्हायचा होता. सर खालून शिडी धरून उभे. मी ट्यूब बसवली, त्यांनी बटण दाबलं. इतका लख्ख उजेड पडला, की मला डोळे मिटावे लागले. सर वर बघून खूश झाले. "आता बघू सुमनला कसं दिसत नाही ते," म्हणाले.

आतल्या खोलीतून वहिनी आल्या. भिंतीला हात धरून, सावकाश. दारात थांबल्या.

"अहो, अजून दिवे लावले नाहीत?" त्या म्हणाल्या. "तिन्हीसांजा झाल्या ना. शिडी वाजतेय, भावजींना काळोखात वर चढवलंत की काय?"

मी सरांकडे बघितलं. शिडीवरचे त्यांचे हात घट्ट झाले होते. एका शब्दासाठी माणसाच्या मानगुटीवर बसणारे हे सर. डॉक्टरला सोडलं नाही, मला सोडलं नाही. आता त्यांना एकही नेमका शब्द उच्चारवेना.

"लाईट गेलीय," ते म्हणाले.

डोक्यावर चार ट्यूब. पंखा गरगर फिरतोय. टेबलावरून मिस्टर लिन म्हणाले, "गुड इव्हनिंग, टीचर." सरांनी पुढे होऊन लॅपटॉप मिटला.

वहिनी तशाच उभ्या होत्या, भिंतीवर हात ठेवून. मग म्हणाल्या, "हो का? मग मेणबत्ती लावा. भावजी आलेत, त्यांना असं काय बसवताय."

सरांनी मेणबत्ती शोधली. काडी ओढली, लावली. लगेच गेली. दुसरी काडी ओढली. तीही गेली. डोक्यावर पंखा फिरतोय हे त्यांच्या लक्षातच येईना. काड्या पेटीतून जमिनीवर सांडल्या. ते वाकून वेचायला लागले.

मी शिडीवरून उतरलो. बटणांपाशी जाऊन पंखा बंद केला. मग ट्यूबही बंद केल्या, चारही. का केल्या ते विचारू नका. लाईट गेलीय म्हटल्यावर त्या चालू ठेवायला बरं वाटेना. खिडकीतून थोडा उजेड येत होता, तेवढ्यात सरांनी पुन्हा काडी ओढली. या वेळी मेणबत्ती राहिली.

"पंखा बंद केलात ते बरं केलंत, भावजी," वहिनी म्हणाल्या. "मघापासून काड्या फुकट चालल्या होत्या त्यांच्या."

सर मेणबत्ती हातात धरून उभे राहिले. मेण बोटांवर ओघळलं तरी त्यांनी ती खाली ठेवली नाही. वहिनींनी चाचपत सोफ्याची कड धरली आणि बसल्या. शेजारची जागा हाताने थोपटली.

"येईल इतक्यात," सर म्हणाले.

"येईल, नाहीतर नाही येणार," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही आधी माझ्यापाशी येऊन बसा."